काकाचं वावर

अमरावतीच्या दिवाणी न्यायालयात, ईश्वराला साक्ष ठेवून, माझ्या सख्ख्या बहिणीचं वावर मी स्वतःच्या तोंडानं समोरच्या पार्टीचं करून टाकलं.

मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी काही पाजलं नव्हतं. समोरच्या वकिलानं, घरी आलेल्या पाहुण्याला विचारावा तसा एक साधा प्रश्न विचारला आणि मी उत्साहात उत्तर देऊन बसलो. उत्साह हा माझा जुना आजार. मी अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो. म्हणजे शिकवतो कमी आणि गॅदरिंगपासून निरोप समारंभापर्यंत सूत्रसंचालनच जास्त करतो. माइक दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माइक नसतो एवढंच. बाकी सगळं असतं: उंच जागा, समोर लोक, आणि तुम्ही बोलाल ते टिपून घ्यायला एक माणूस. असा मान मला शाळेनं कधी दिला नाही.

आमचं गाव नांदगाव पेठेच्या पुढे, आत. ताईचं सासर लवकर सुटलं. ती माघारी आली आणि बाबांच्या बरोबरीनं वावरात उभी राहिली. आज तिथं वांगी, मेथी, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं झेंडू, आणि उरलेल्यात हरभरा असतो. रामप्रहरी मोपेडला कॅरेट बांधून ती अमरावतीच्या बाजारात पोचते, तेव्हा अकोल्यात मी कूस बदलत असतो. बाबा गेल्यावर त्या वावरावरचा माझा हक्क मी तिच्या नावे सोडून दिला. आमच्याकडे बहिणी भावांना हक्कसोड करून देतात. मी उलटं केलं. आणि हे इतक्या जणांना, इतक्या वेळा सांगितलं की ताई शेवटी म्हणाली, "अबे, वावर देल्लं का सत्कार मागून राहिला?"

मग एमआयडीसीकडून पांढऱ्या गाड्या गावात फिरायला लागल्या. जमिनीचे दलाल. त्यांतली एक गाडी आमच्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या अंगणात थांबली. थोड्याच दिवसांत त्यानं ताईच्या वावरात सिमेंटचे खांब आणून टाकले. "हे वावर माह्या बापाचं व्हय. मोठेबाबांनी नुसतं वाहलं. आता पुरे झालं," म्हणाला. मोठेबाबा म्हणजे आमचे बाबा, आणि वाहणं म्हणजे कसणं. ताईनं ते खांब एकटीनं ढकलत ढकलत रस्त्यावर नेऊन टाकले, आंघोळ केली, आणि वकिलाकडे जाऊन दावा लावला.

भांडण समजायला सोपं होतं. आजोबांच्या मागे दोघा भावांत, म्हणजे बाबा आणि काकांत, तोंडी वाटणी झाली, तीत हे वावर बाबांकडे आलं, असं आमचं म्हणणं. वाटणीत ते काकांकडेच राहिलं, फेरफार चुकून बाबांच्या नावे झाला, असं दादाचं म्हणणं. सातबारा ताईच्या नावावर होता, म्हणून मी खुशीत होतो. आमच्या वकिलांनी ती खुशी फार टिकू दिली नाही.

"सर, सातबारा म्हणजे मालकी नाही. वाटणी झाली हे शाबीत करावं लागते. वाटणीच्या वक्ती हजर कोण होतं?"

आजोबांचे भाऊ, गावचे पाटील, शेजारचे दोन म्हातारे: सगळे गेलेले. उरल्या होत्या फक्त काकू, दादाची आई. आणि त्या अर्थातच दादाच्या साक्षीदार होत्या.

"मंग आता तुमी आणि ताई," वकील म्हणाले. "ताईची मले काळजी नाही. तुमची आहे. उलटतपासात तीनच उत्तरं. हो. नाही. माहीत नाही. चौथं वाक्य आलं की समजा वावर गेलं."

मी मान डोलावली. अकोल्याला आरशासमोर तिन्ही उत्तरांचा सराव केला. 'माहीत नाही' मला फार छान जमायचं, भुवया किंचित वर करून.

तारखेच्या आदल्या दिवशी मी बडनेऱ्याला उतरून गावी गेलो आणि सकाळी मुद्दाम वावरात चक्कर मारली. शेतकऱ्याच्या घरचा माणूस दिसलो पाहिजे ना! हरभरा घाट्यावर आला होता. दोन-चार घाटे सोलून खाल्ले, पांढऱ्या पँटच्या कडांना काळी माती लागू दिली, आणि तसाच कोर्टात आलो. ताईनं एकदा पँटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदरानं तोंड पुसलं. हसू लपवायची तिची ती रीत आहे.

पुकारा झाला. मी पिंजऱ्यात चढलो. न्यायाधीश मॅडम पश्चिम महाराष्ट्रातून नुकत्याच बदलून आलेल्या. शांत, नीट, शुद्ध बोलणाऱ्या. मी मनात म्हटलं, चला, आज ऐकणारं कोणीतरी भेटलं.

समोरचे वकील वयस्क होते, आणि इतके गोड की त्यांच्यापुढे आमचे वकील भांडखोर वाटावेत. सुरुवातीला त्यांनी बरंच विचारलं. "वाटणीच्या वक्ती तुमी हजर होते?" नाही. "वाटणीचा कागद आहे?" नाही. "चारही बाजूचे धुरे कोणी टाकले?" माहीत नाही. भुवया किंचित वर. आमचे वकील समाधानानं खुर्चीत मागे टेकले. ताईही टेकली.

मग ते वकील फाइल मिटून हसले. झालं बहुतेक, असं मला वाटलं.

"मास्तर, पॅन्टीले माती दिसून राहिली. सकाळी सकाळी कुठून आले बाप्पा?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. सराव केला होता तो वाकड्या प्रश्नांचा. हा तर सरळ होता, आणि मातीची कोणीतरी दखल घेतली या आनंदात मी छाती पुढे काढून म्हणालो,

"काकाच्या वावरातून आलो, साहेब!"

आमच्या घरात त्या वावराला तेच म्हणतात. मी रांगत होतो तेव्हापासून. काकाच्या वावरात पेरणी झाली, काकाच्या वावरात जनावरं शिरली, ताई कुठं गेली तर काकाच्या वावरात. ते आमचं आहे हे सगळ्यांना माहीत आणि त्याचं नाव 'काकाचं' आहे हेही सगळ्यांना माहीत. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे त्या क्षणापर्यंत आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मॅडमनी पेन थांबवलं.

"एक मिनिट. तुमचे काका हयात नाहीत ना?"

"नाही, मॅडम."

"मग त्यांचा वावर कसा काय?"

कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा हसला. आणि मी! माझ्यातला मराठीचा मास्तर उसळी मारून उठला. आमचे वकील खालून डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, हातानं गळा दाबल्यासारखं करत होते. मला ते दिसलं, पण त्यांना उकडत असेल असं वाटलं.

"मॅडम, तुमच्याकडे वावर म्हणजे हिंडणं-फिरणं, येणं-जाणं," मी खुलवून सांगायला लागलो. "आमच्या वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. तो वावर पुल्लिंगी, हे वावर नपुंसकलिंगी. म्हणजे काकाचं वावर, याचा प्रमाण मराठीत अर्थ, काकांचे शेत."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या, आणि टायपिस्टकडे वळून सांगायला लागल्या, "मी आज सकाळी माझ्या काकांच्या शेतातून आलो."

की-बोर्ड टकटकला. ती टकटक ऐकताना मला कळलं, की आमच्या वकिलांना उकडत नव्हतं.

"हे तेच शेत ना, दाव्यातलं?" समोरच्या वकिलांनी अगदी हळू विचारलं.

"हो, पण..."

"बस. माझं झालं, मॅडम."

"मॅडम, म्हणजे ते म्हणायला काकाचं, पण आहे आमचं..."

"विचारलं तेवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या.

आमच्या वकिलांनी फेरतपास मागितला. घाम पुसत विचारलं, "हे नुसतं नाव आहे ना? हे नाव कसं पडलं?" इथं तरी मी वाचवावं की नाही! पण मला खरंच माहीत नव्हतं. आणि त्या गडबडीत मला पाठ केलेली तीनच उत्तरं आठवली. "माहीत नाही," मी म्हणालो. भुवया किंचित वर गेल्या असाव्यात.

बाहेर व्हरांड्यात आमचे वकील माझ्याशी बोलले नाहीत. ते ताईशी बोलले, मी खांब असल्यासारखे.

"ताई, तुमचे भाऊ मराठी शिकवतात ना? आता युक्तिवादात समोरचा म्हणणार, षष्ठी विभक्तीचा अर्थ मास्तरला आमी शिकवायचा का? वादीकडचाच साक्षीदार म्हणते काकाचं शेत. वाटणी शाबीत करायला दुसरं काही नाही आपल्याजवळ."

"म्हणजे वावर जाईन?" ताईनं विचारलं.

"जाऊ शकते."

ताईनं मोपेडची किल्ली मुठीत धरली होती, ती एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे. ती मला शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होतो. तिनं दिल्या नाहीत. ती फक्त म्हणाली, "वांग्याले आज पाणी द्या लागते," आणि निघाली. पुढच्या साली त्या वावरात वांगी ती लावणार की दलालाचा जेसीबी येणार, हे माझ्या एका वाक्यावर लटकलं होतं आणि तिला आजच्या पाण्याची पडली होती. माझ्यानं बघवेना.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे कोर्टात भांडतात ती माणसं गावी परत एकाच ऑटोत जातात. दुसरा ऑटोच नसतो. दादा स्वतःच्या गाडीनं निघून गेला होता. काकूंना गाडीत मळमळतं म्हणून त्या ऑटोत. ताई मोपेडवर पुढे गेली. म्हणजे मागच्या सीटवर मी आणि काकू, वादी-प्रतिवादी मांडीला मांडी लावून.

"जेवला नसशीन," म्हणत काकूंनी पिशवीतून भाकर-ठेचा काढून माझ्या हातात ठेवला. मीही खाल्ला. दाव्याचा आणि भाकरीचा संबंध नाही.

नांदगाव पेठेच्या पुढे काकूंचा फोन वाजला. फोनवर त्या इतक्या मोठ्यानं बोलतात की पलीकडच्या माणसाला फोनची गरज नसावी. शेतगड्याला विचारत होत्या.

"काहून रे, भासऱ्याच्या वावरात पाणी लावलं का? नाई? मंग दिवसभर काय करून राहिला तू? संध्याकायी लाईन जाते ना! पयले भासऱ्याच्या वावरात पाणी लाव, मंग घरी जाजो."

भाकरीचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. काकूंचा भासरा म्हणजे आमचे बाबा! आणि ते वावर कोणतं, तर नाल्याकडचं, जे वाटणीत काकांकडे गेलं आणि आज दादा वाहतो. आम्ही घरी त्याला नुसतं 'नाल्याकडचं' म्हणतो. त्याला काकूंच्या घरात अजून आमच्या बाबांच्या नावानं हाक मारतात, हे मला जन्मात माहीत नव्हतं.

आमच्याकडच्या वावराचं नाव काकाचं. त्यांच्याकडच्या वावराचं नाव आमच्या बाबांचं. नावं अदलाबदल कशी झाली? वावरांची अदलाबदल झाली म्हणून! आधी हे वावर काका वाहत होते आणि नाल्याकडचं बाबा. वाटणीत वावरं बदलली आणि नावं जिथल्या तिथं राहिली!

मला ऑटोतून उडी मारावीशी वाटली. ओरडावंसं वाटलं. काकूंच्या खांद्यावर थाप मारून "काकू, तुमी काय बोलून गेल्या माहीत आहे का!" असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा ते मी परत मिटलं. भाकरीचा आख्खा तुकडा कोंबून मिटलं. गाव येईपर्यंत मी चावत होतो. काकू म्हणाल्या, "ठेचा तिखट झाला का रे? डोयाले पाणी येऊन राहिलं तुया."

ऑटोतून उतरल्या उतरल्या मी धापा टाकत वकिलांना फोन लावला. ते आधी "सर, तुमी आता काही सांगू नका" एवढंच म्हणत होते. मग म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला आणि मग, "हे कोणालेच बोलू नका. बायकोलेही नाही. तुमच्या पाया पडतो."

काकूंची साक्ष होईपर्यंत मी कसा राहिलो हे माझं मला माहीत. वर्गात 'भासरा' हा शब्द जिभेवर येऊन आपटायचा. बायको विचारायची, तुम्ही आजारी आहात का, इतके गप्प कसे?

दादाची साक्ष आधी झाली. तो पक्का तयार होऊन आला होता. वावराला घरी काय म्हणता, तर 'आमचं वावर'. दुसऱ्या वावराला काय म्हणता, तर तेही 'आमचं वावर'. समोरचे गोड वकील माझ्याकडे पाहून गालात हसले. असा असतो साक्षीदार, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

मग काकू पिंजऱ्यात गेल्या. डोक्यावरून पदर, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. त्यांच्या शपथपत्रात एकच महत्त्वाची ओळ होती, की सदरचे शेत माझ्या पतीचे होते. आमचे वकील उठले. मी बाकाची कड इतकी आवळून धरली होती की शेजारचा माणूस सरकून बसला.

"मावशी, पाणीबिणी मिळालं का यंदा हरभऱ्याले?"

"कुठचं? लाईनच नाई राहत."

"कोणत्या वावरात हरभरा आहे तुमचा?"

"भासऱ्याच्या."

दादा ताडकन उठला आणि त्याच्या वकिलांनी त्याला खाली ओढलं. मॅडमनी वर पाहिलं.

"भासरा म्हणजे?"

या वेळी मी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. ताईनं तरीही, खात्री म्हणून, माझी बाही धरून ठेवली.

"माह्या मालकाचा मोठा भाऊ," काकू म्हणाल्या. "याइचा बाप." आणि बोट थेट माझ्याकडे.

"म्हणजे ते शेत यांच्या वडिलांचं?" मॅडमना खरंच कळत नव्हतं.

"त्याइचं कायले? आमचं व्हय. नाव भासऱ्याचं हाये. पयले थे वाहत होते, अन् माहे मालक तिकडचं. मंग वाटणीत अदलाबदल झाली. इकडचं आमाले, तिकडचं त्याइले. आता वावर बदललं म्हून नाव कोण बदलवते, बाई?"

समोरचे वकील उभे राहिले. "मावशी, नीट आठवा. शपथपत्रात तुमी सांगतलं ना, तिकडचं शेत तुमच्या मालकाचं होतं?"

"होतंच ना! होतं म्हणूनच सांगतलं. आता हाये का म्हून तुमी विचारलंच नाई."

मॅडम टायपिस्टकडे वळल्या. पुन्हा ती टकटक सुरू झाली. या वेळी मला ती नाचगाण्यासारखी वाटली. वाटणीत अदलाबदल झाली, हे खरे आहे. टकटक. वादीकडील शेत वादीच्या वडिलांस आले, हे खरे आहे. टकटक, टकटक! ताईनं माझी बाही अजून सोडली नव्हती. तिच्या बोटांना झेंडूचा वास येत होता आणि तिच्या मुठीत बाहीचा पार बोळा झाला होता. तेव्हा मला कळलं की पाण्याचं, वांग्यांचं बोलत राहिली तरी इतके दिवस ती काय गिळत होती.

दादा बाहेर आईवर ओरडला. "तुले एवढं सांगतलं होतं!" काकू शांतपणे चप्पल घालत म्हणाल्या, "'खोटं बोल' असं तू नव्हतं सांगतलं. जेवढं सांगतलं तेवढं म्या सांगतलं. बाकीचं त्या वकिलानं विचारलं."

निकाल ताईच्या बाजूनं लागला. मालकी ताईची, आणि दादाला कायमची मनाई. ताईनं निकाल ऐकला, वकिलांना हात जोडले, आणि बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर अशी बसली की जणू बाजारातून सगळं विकून रिकामे कॅरेट घेऊन आली आहे.

दादा तिकडून आपल्या गाडीकडे गेला. काकू मात्र त्याच्यासोबत गेल्या नाहीत. त्या सरळ आमच्याकडे आल्या, ताईच्या शेजारी पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुया वावराचा झेंडू दे वं मले थोडासा. नवरात्राले लागते." ताई म्हणाली, "काकू, तुमी कायले मागता? तोडून न्या ना." बस, एवढंच. दोघींचा खटला तिथं संपला.

माझा कुठं संपत होता! इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं. मी पायऱ्यांसमोर उभा राहून हात हलवत सांगायला लागलो की बघा, मुळात मी 'काकाचं वावर' म्हणालो नसतो तर हा नावाचा मुद्दाच कोर्टात आला नसता. मुद्दा आला नसता तर ऑटोत माझे कान टवकारले नसते. कान टवकारले नसते तर वकिलांना तो प्रश्न सुचला नसता. म्हणजे खोलात जाऊन पाहिलं तर ही केस जिंकली कोणी? माझ्या बोलण्यानं!

जाणारे-येणारे दोन वकील थांबले. ताईनं पदर तोंडाला लावला.

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"बाबू," त्या म्हणाल्या, "वाटणीच्या वक्ती तुले बोलता येत नव्हतं, म्हून झाली थे वाटणी."